न चाखता रांधलेलं

परवा संध्याकाळी शेजारच्या स्वयंपाकघरातून अंबाडी शिजल्याचा वास आला आणि माझ्या हातातलं काम तसंच राहिलं. अमरावतीतल्या आमच्या या इमारतीत वासांना अडसर नाही. कोणाची फोडणी करपली, कोणी उदबत्ती बदलली, कोणाच्या घरी पाहुणे आले, सगळं जिन्यातून वर येतं आणि दार न वाजवता आत शिरतं. अंबाडीचा वास म्हणाल तर फार सुवासिक नव्हे. आंबट, हिरवा, पावसानंतरच्या बांधासारखा थोडा मातकट. पण वऱ्हाडातल्या माणसाच्या तोंडाला त्यानं पाणी सुटतं, सुटायलाच हवं. मला मात्र परवा ते सुटलं नाही. गॅस बंद करून मी खिडकीशी जाऊन बसले आणि बराच वेळ माझ्या वहिनीचाच विचार करत राहिले.

मी काही फार देवभोळी बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या देव्हाऱ्यातल्या देवांना सकाळी साखरेचे चार दाणे मिळतात, तेही आठवण राहिली तर. उपास मला झेपत नाहीत आणि पोथी वाचताना झोप येते. पण भाद्रपदात माहेरी महालक्ष्म्या बसल्या आणि मी गेले नाही असं एकही वर्ष झालं नाही. माहेर मूर्तिजापूरच्या पलीकडे, काळ्या मातीत. बसमधून उतरलं की चप्पल मातीतून सोडवत घरापर्यंत जायचं. तोवर घरी ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी पितळी मुखवट्यांनी, नव्या लुगड्यांनी सजून बसलेल्या असायच्या. डोक्यावर फुलोरा टांगलेला, पुढ्यात गव्हातांदळाच्या राशी, आणि सगळ्या घराला हळदीचा, झेंडूचा आणि ओल्या अंगणाचा मिळून एक वास. मी देवींना नमस्कार करायचे तो जरा घाईनंच. खरा नमस्कार स्वयंपाकघराच्या दाराशी व्हायचा, चुलीपुढे बसलेल्या वहिनीला पाहून.

एरवी त्या घरात स्वयंपाकाचा फारसा बाऊ नाही. शेतावरून आलेल्या माणसाला जे असेल ते गरम वाढायचं, एवढाच नियम. आता तर रोजचं रांधणं वहिनीच्या सुनेकडे आहे. सून बार्शीटाकळीची, हाताला चटपटीत आणि बोलायला स्पष्ट. पण महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सून भाज्या चिरते, डाळ निवडते, वाटण वाटून देते आणि चुलीपासून हातभर लांब बसते. नैवेद्य एका हाताचा हवा, ही आमच्या घरची रीत. ज्या हातानं पहाटे चूल पेटवली त्याच हातानं शेवटचा वडा तळायचा. माझ्या आईनं हे काम वहिनीला ती नवी नवरी असतानाच सोपवलं, आणि त्यानंतर त्या चुलीपुढे दुसरं कोणी बसलं नाही. ज्वारीची आंबील, सोळा भाज्यांची मिसळ, अंबाडीची भाजी, कढी, वडे, पुरण. सगळं एकटीचं. आणि यातलं काहीही चाखायचं नाही.

तुमच्याकडेही हा नियम असेल. देवाच्या आधी जिभेला लावलं की ते अन्न उष्टं. मग तो नैवेद्य उरत नाही. बाकीच्यांना हा नियम म्हणजे पोरांचे हात मागे ओढण्यापुरता असतो. रांधणाऱ्या बाईला मात्र तो दिवसभर डोळ्यांवर पट्टी बांधून चालण्यासारखा आहे. गावजेवणाएवढ्या पातेल्यात मीठ किती, हे जिभेला न विचारता ठरवायचं! वहिनी ते वासावरून ठरवायची. आंबील खदखदायला लागली की पातेल्यावर जरा वाकायची, डोळे मिटायची आणि मूठभर मीठ असं सोडायची की मधेच हात आखडायचा, जणू हातालाच कोणी पुरे म्हटलं. मी एकदा विचारलं होतं, तुला कसं कळतं गं? ती म्हणाली, "आळनी अन्नाचा वास येगळाच येते बाई. उपाशी मानसाच्या तोंडासारखा." हे वाक्य मी पुढे कितीतरी जणींना ऐकवलं आहे. तिच्या हाताचा अंदाज हा आमच्या घराण्याचा दागिना होता. लग्न जुळवताना पाहुण्यांना तोही दाखवला जायचा, असं म्हटलं तरी चालेल.

नैवेद्य दाखवून झाला की देवींपुढे पडदा ओढायचा. सगळ्यांनी बाहेर ओसरीवर जायचं, बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. माहेरवाशिणी जेवायला बसल्या आहेत, त्यांना संकोच वाटू नये म्हणून. त्या शांततेत पोटातले कावळे तेवढे ऐकू यायचे. पडद्याशी फक्त वहिनी उभी राहायची, हात जोडून, घामेजलेली, पहाटेपासून पाण्याच्या घोटावर. आत गेल्यावर ती आधी भाताची मूद पाहायची. मूद कुठे जराशी खचलेली दिसली की तिचा चेहरा उजळायचा. भाऊ माझ्या कानाशी कुजबुजायचा, गरम भात हाय, खचीन नाई त काय करीन? तरीही, तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहिलं की तोही गप्प होऊन नमस्कार करायचा. मला तेव्हा देवींपेक्षा तिचा हेवा वाटायचा. आपलं रांधलेलं कोणी स्वीकारलं याची अशी खात्री आम्हाला कुठे मिळते?

यानंतर दुसरा नियम लागू व्हायचा. प्रसादाला नावं ठेवायची नाहीत. पानात पडेल ते कपाळाला लावून खायचं, संपवायचं. हे दोन्ही नियम चांगलेच आहेत, मी त्यांची टिंगल करत नाही. पण रांधणारीनं चाखायचं नाही आणि जेवणाऱ्यानं बोलायचं नाही, या दोहोंच्या मधे एक बाई पार एकटी पडू शकते, हे आमच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

सुरुवात कुठल्या वर्षी झाली हे नेमकं सांगता येणार नाही. एका वर्षी कढी जरा खारट लागली. त्याचं काय एवढं! पुढच्या वर्षी अंबाडीची भाजी. जेवणारे एकमेकांकडे पाहायचे, ताकाची वाटी पुन्हा मागायचे, आणि "छान झालं वहिनी" म्हणत उठायचे. सुनेनं एकदा मला मोरीजवळ गाठलं. "आत्या, मीठ लय होऊन राह्यलं. आईले सांगू का?" मी काही बोलायच्या आत भाऊ मागून आला. "सनाच्या दिवशी काहून तिचं मन मोडतं? देवीनं खाल्लं, आपल्याले का झालं खायाले?" मलाही ते पटलं. दमलेली असते, वय झालं, हात चुकतो एखाद्या वेळी. सण संपला की विषय संपायचा, कारण रोजचं जेवण सुनेच्या हातचं, त्यात खोट काढायला जागाच नव्हती. आणि वहिनीला स्वतःला कळावं, तर ती त्या दिवशी धड जेवायची कुठे? सगळ्या पंगती उठल्यावर वाटीभर दहीभात, नाहीतर नुसतं ताक. म्हणायची, "रांधनाऱ्याचं पोट वासानंच भरते."

बाकीची चिन्हं नव्हती असं नाही. फोनवर एकच गोष्ट ती पुन्हा विचारायची. लावलेल्या समईत पुन्हा तेल ओतायची. देवपूजा करून उठायची आणि थोड्या वेळानं पुन्हा फुलं तोडायला अंगणात. आम्ही हसायचो. भाऊ म्हणायचा, हिच्या देवाले दोनदा आंघोय घडते, लय भाग्याचे देव आहेत आपले. तीही हसायची. वहिनीची भक्ती वाढते आहे असंच आम्हाला वाटत होतं. देवाच्या नावाखाली केलेल्या वेडेपणाला आपल्याकडे कोणी वेडेपणा म्हणत नाही. दिवा दोनदा लावणाऱ्या बाईला आपण दवाखान्यात नेत नाही, तिच्या पाया पडतो.

मग गेल्या वर्षीचं जेवण आलं. पंगतीत पहिला घास घेतला आणि मला कळलं की हे काहीतरी वेगळं आहे. कढी घशाखाली उतरत नव्हती. भाजीनं जीभ चुरचुरत होती. आणि पुरणात, गुळाच्या गोड पुरणात, मीठ होतं. चिमूटभर नव्हे, चांगलं मूठभर. मी मान वर केली. समोर गावातल्या म्हाताऱ्या सवाष्णी, शेजारीपाजारी, भावाचे स्नेही, सगळे खाली मान घालून जेवत होते. एकीनं पोळीचा तुकडा दुधात बुचकळून, डोळे मिटून गिळला. कोणाच्या तोंडून चकार शब्द नाही. वहिनी पंगतीतून फिरत होती, आग्रह करत होती, "घ्या ना आनखी, लाजता काहून?" आणि लोक घेत होते. इतकी माया आणि इतकी भीती एका वेळी मी कधी पाहिलेली नव्हती.

शेवटच्या पंगतीला घरच्या बायका बसल्या. वहिनी फारच थकलेली दिसत होती. एका शेजारणीनं तिचा हात धरून तिला बसवलंच. "तुमी बी दोन घास खा आमच्यासंग. आज तुमीच खऱ्या लक्ष्मी." सुनेनं माझ्याकडे पाहिलं, मी सुनेकडे. थांबवायचं म्हणजे कारण सांगावं लागलं असतं. वहिनीनं पानाला नमस्कार केला, पुरणपोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि तोंडात घातला.

ती चावायची थांबली. घास तोंडात तसाच धरून तिनं एकेकीकडे पाहिलं. मग तो गिळला. प्रसाद होता, थुंकणार कशी? पाणीही न पिता तिनं विचारलं, "हे तुमी सगळ्यायनं खाल्लं?"

सुनेनं पाण्याचं भांडं तिच्यापुढे सरकवलं.

"देवीपुढं हेच ठेवलं मी?" तिचा आवाज अगदी हळू होता. "आन् तुमी काहून नाई सांगतलं मले?"

भाऊ दारात येऊन उभा राहिला होता. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "अवं, होते एखाद्या टायमाले."

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि एकच शब्द विचारला. "कवापासून?"

त्या प्रश्नाला आजतागायत आम्ही कोणी उत्तर दिलेलं नाही. तिला उत्तर आमच्या चेहऱ्यांवर मिळालं. ती उठली, हात धुतले आणि देवींच्या पडद्याशी जाऊन भिंतीला टेकून बसली. मी जवळ गेले तर म्हणाली, "दगडापितयेची देवी बोलत नाई, समजू शकतो मी. तुमी त मानसं होते ना?" मला रडू आलं. राग आला तो कोणावर हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. भावावर, स्वतःवर, त्या डोळे मिटून गिळणाऱ्या भल्या बाईवर, की तिच्या चुलीजवळ दुसरा हात फिरकू न देणाऱ्या आमच्या रीतीवर?

अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं. आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, असंही ते म्हणाले. सौम्यपणे म्हणाले, पण म्हणाले. परतताना गाडीत वहिनी खिडकीतून कपाशीकडे पाहत होती. मधेच म्हणाली, "बोंडं चांगली धरली यंदा." आणि खरंच चांगली धरली होती. हेच तर अवघड आहे. अर्धं सगळं ती आपल्यापेक्षा नीट पाहते.

या वर्षी श्रावण सरत आला तशी घरात चर्चा सुरू झाली, तिच्या पाठीमागे. भाऊ म्हणाला, अमरावतीहून स्वयंपाकी आणू, पाहिजे तर सोवळ्यात रांधून देतात. सून म्हणाली, त्यापेक्षा आई रांधतील, मी फक्त चाखून पाहीन. वहिनीनं नेमकं ते ऐकलं. "देवीच्या आंधी कोनी तोंड लावलं त ते जेवन तिचं नाई राह्यलं," ती म्हणाली. सुनेनं मग मीठ आपण घालू असं सुचवलं, वहिनीनं फक्त किती ते सांगावं. त्यावर वहिनी "सांगाले तरी आठवलं पाह्यजे माय," एवढंच बोलली आणि आत गेली. त्या रात्री सुनेनं मला फोन करून हे सगळं सांगितलं. तिच्या सासूचा सगळा जीव त्या एका दिवसात आहे आणि तो दिवस आपण तिच्या हातून काढून घेणार, या विचारानं ती पोरगी फोनवर हुंदके देत होती.

दोन दिवसांनी वहिनीचाच फोन आला. आवाज खणखणीत होता, जुन्या दिवसांसारखा. "बाई, म्या इचार केला. यंदा मी आळनी रांधतो. मिठाचं भांडंच चुलीपाशी नाई ठेवत. देवीच्या पानात तसंही मीठ वाढत नाई आपन. तिले आळनी चालीन. तुमी आपापल्या पानात घ्या." मी म्हटलं, नैवेद्य झाल्यावर पातेल्यात घालता येईल की. "वा! प्रसाद झाल्यावर त्याच्यात कोनी काई घालते का?" ती फणकारली. मला इतकं बरं वाटलं तिचा तो फणकारा ऐकून. तिनं घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून हे सांगितलं. का, तेही सांगितलं.

महालक्ष्म्या आल्या, बसल्या. पहाटे चूल पेटली. सून वहिनीशेजारी हातभर अंतरावर बसून होती आणि मी उंबऱ्यात. वहिनी काही विसरली, काही दोनदा केलं. वडे राहूनच गेले. पण पुरण सुरेख उतरलं. पडदा ओढला गेला, आम्ही ओसरीवर गप्प उभे राहिलो, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या शांततेत काहीतरी मागितलं. काय, ते सांगण्यासारखं नाही.

पंगत बसली. सून मिठाची वाटी घेऊन फिरू लागली. प्रत्येकानं चिमूट चिमूट घेतलं, आंबिलीत कालवलं, भाजीत कालवलं. गावकऱ्यांना कल्पना दिलेली होती, त्यामुळे कोणी चकित झालं नाही. वहिनी पुरणाचं ताट घेऊन दारात उभी होती. तिची नजर एका पानावरून दुसऱ्या पानावर जात होती आणि बघता बघता तिचा चेहरा उतरत गेला. "काहून वं?" तिनं सुनेला विचारलं. "सगळे मीठच मीठ काहून मांगून राह्यले? टाकाचं इसरली का मी?"

पंगतीतले हात थांबले. आणि ती जुनी, ओळखीची शांतता पुन्हा आली. भावानं मान खाली घातली. कोणीतरी चटकन म्हणालं, "नाई नाई, छान झालं वहिनी, मस्त झालं."

सुनेनं वाटी खाली ठेवली. "हो आई," ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मीठ नाई टाकलं तुमी. मागच्या टायमाले खारट झालं होतं म्हनून तुमीच ठरवलं, यंदा आळनी रांधाचं आन् ज्यानं त्यानं पानात घ्याचं."

"मी ठरवलं?"

"तुमीच ठरवलं."

वहिनी उभीच होती. मला वाटलं, ती पुन्हा त्या पडद्याशी जाऊन बसेल. पण तिनं पुरणाचं ताट सुनेच्या हातात दिलं, वाकून मिठाची वाटी उचलली आणि पंगतीच्या टोकापासून स्वतः मीठ वाढायला लागली. प्रत्येक पानाशी थांबत होती. माझ्यापाशी आली तेव्हा म्हणाली, "घे बाई. तुह्या अंदाजानं घे. मले अंदाज नाई राह्यला."

मी मीठ घेतलं. तिच्या हातचं खाताना कधी मीठ घ्यावं लागलंच नव्हतं म्हणून असेल, जास्त पडलं. आंबिलीचा घास घेतला आणि माझं तोंड वाकडं झालं. कपाळाला लावून गप्प गिळायची आयुष्यभराची सवय जिभेवर उभी होती. तरी मी म्हटलं, "वहिनी, माझंच खारट झालं गं."

तिनं माझ्या पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि ती हसली. "मंग?" ती म्हणाली. "सोपं हाय का ते?"

त्या दिवसानंतर ती बरी झालेली नाही, होणारही नाही. गेल्या आठवड्यात फोनवर तिनं मला ओळखलं, पण मी राहते कुठे ते विचारलं. पुढच्या भाद्रपदात चूल कोण पेटवणार हे घरात अजून कोणी बोललेलं नाही, आणि ते न बोलणं मला आता देवींच्या कोपापेक्षा भयंकर वाटतं. म्हणून आज मीच भावाला फोन करणार आहे. तो म्हणेल, एवढ्यात कशाला काढतं तो इषय. मी म्हणेन, फोन वहिनीकडे दे, तिला विचारू. तिला आज जे आठवतं आहे ते आजच विचारायला हवं.